एनएफएलच्या मालकांना खुलं पत्र: क्वार्टरबॅकचं वय नका बघू, आवर मीटर बघा

प्रति,
रॉजर गुडेल साहेब, कमिशनर, एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची लीग)
आणि ३२ टीम्सचे सगळे मालक आणि मालकीणबाई

(ग्रीन बेवाल्यांना मालकच नाही, तिथे टीम लोकांच्या शेअर्सवर चालते, आपल्याकडच्या सहकारी साखर कारखान्यासारखी, फक्त डिव्हिडंड नाही. त्यांनी हे पत्र नोटीस बोर्डावर लावावं.)

साहेब, नमस्कार.

तुम्हाला मराठी येत नाही हे मला माहितीये. पण इंग्लिशमध्ये लिहायला बसलो की माझं सगळं लिखाण ऑफिसच्या ईमेलसारखं गुळगुळीत होतं आणि मूळ भांडण राहूनच जातं, म्हणून मराठीतच लिहितोय, तुमच्याकडे भाषांतर करून घ्यायला माणसं कमी नाहीत. आणि आमच्या लोकांनीही हे वाचावं असं वाटतं, कारण इथे अमेरिकेत राहून दर रविवारी टीव्हीसमोर पोहे घेऊन बसणारी आमची जनता पण, क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा मुख्य खेळाडू) चाळिशीपार टिकतात म्हणून अजून मॅच वाढवायच्या, या प्रकरणात तितकीच दोषी आहे, मी धरून.

आधी ओळख करून देतो. मी मूळचा पुण्याचा, गेली बरीच वर्षं इंडियानातल्या कोलंबस गावात. हे डिझेल इंजिनचं गाव आहे आणि पुणंही इंजिनचं गाव आहे, त्यामुळे तिकडून इकडे आलेली मंडळी इतकी की इंडियन ग्रोसरीत गेलं की भेंडीच्या रांगेत कोणीतरी मराठीत कुरकुरत असतंच. इथून इंडियानापोलिसच्या कोल्ट्स टीमचं स्टेडियम गाडीने तासाभरावर. म्हणजे टीम मी निवडली नाही, पिनकोडने निवडली.

पुण्यात माझी पहिली नोकरी जेनसेटच्या, म्हणजे डिझेल जनरेटरच्या, सर्व्हिसची. सोसायटीत गेलो की सेक्रेटरी जिन्यातच गाठायचे, "अहो दहा वर्षांचं मशीन आहे, आता गेलंच समजा ना." आमचे सीनियर मेकॅनिक, ज्यांना सगळे काकाच म्हणायचे, ते काही न बोलता पॅनेलपाशी जायचे, रुमालाने धूळ पुसायचे आणि आवर मीटर, म्हणजे मशीन एकूण किती तास चाललंय तो आकडा, वाचायचे. चारशे तास. त्या एरियात लाइट जायचीच कधीतरी, दहा वर्षांत मशीन चाललंय किती तर चारशे तास, म्हणजे ते अजून पोरसवदा आहे. उलट एखाद्या बांधकामाच्या साइटवरचं दोन वर्षांचं मशीन, मीटरवर सात हजार तास, ते खरं म्हातारं. काका म्हणायचे, जन्मतारीख सोयरीक जमवताना विचारायची, मशीनला तास विचारायचे.

आता तुम्ही म्हणाल याचा फुटबॉलशी काय संबंध. सांगतो.

गेल्या डिसेंबरात, म्हणजे २०२५ च्या, आमच्या कोल्ट्सनी फिलिप रिव्हर्स या जुन्या क्वार्टरबॅकला घरून बोलावून आणलं. वय ४४. रिटायर होऊन पाच वर्षं होत आली होती, अलाबामात शाळेच्या टीमला कोचिंग करत होता, स्वतःची दहा मुलं, आजोबा झालेला माणूस. आमचा क्वार्टरबॅक डॅनियल जोन्स, तो आधीच पायाचं हाड फ्रॅक्चर असताना खेळत होता, आणि ७ डिसेंबरला जॅक्सनव्हिलमध्ये त्याच्या दुसऱ्या पायाचा अकिलीस (टाचेमागची शीर) फाटला. आठ जिंकलेल्या, दोन हरलेल्या असा सिझन सुरू झालेला, प्लेऑफची तिकिटं मनातल्या मनात बुक झालेली, आणि मग घसरण सुरू. तर आजोबांना फोन. एक आठवडाभर पण प्रॅक्टिस नाही नि १४ तारखेला थेट सिएटलमध्ये, त्या आवाजात, त्या डिफेन्ससमोर. आणि साहेब, जवळजवळ जिंकलो हो! १८-१६ ने हरलो, तेही शेवटच्या मिनिटात त्यांनी लांबून फील्ड गोल मारला म्हणून. माझ्या घरात आम्ही सगळे उभे राहून बघत होतो, बायको जी एरवी या खेळाला "ढकलाढकली" म्हणते ती पण हातात कुकरची शिट्टी तशीच धरून उभी. रिव्हर्सचा हात काही पूर्वीसारखा नव्हता, बॉल हवेत तरंगत जायचा, पण समोरच्याने काय लावलंय हे त्याला स्नॅपच्या, म्हणजे बॉल हातात येण्याच्या, आधी कळत होतं आणि बॉल हातातून लगेच सुटत होता. पुढच्या दोन मॅच पण हरला, तीनच खेळला, आणि कोल्ट्सचा सिझन ८ जिंकून ९ हरून मेला.

त्या आठवड्यात तुमच्या सगळ्या चॅनेलवर एकच रेकॉर्ड वाजत होती, बघा वय म्हणजे फक्त आकडा, बघा हे क्वार्टरबॅक किती टिकायला लागलेत. टॉम ब्रेडी ४५ पर्यंत खेळला. ॲरन रॉजर्स ४२ चा होऊन पिट्सबर्गमध्ये खेळतोय. जो फ्लॅको ४० चा. ऑक्टोबरात गुरुवारच्या मॅचला फ्लॅको विरुद्ध रॉजर्स झालं तेव्हा दोघांच्या वयाची बेरीज करून करून कॉमेंटेटर दमले. खरं सांगतो, मलाही मजा आली. ३३-३१ ची मॅच होती, का नाही येणार.

पण मला ते ऐकताना सारखा २४ ऑगस्ट २०१९ आठवत होता. तुम्हाला नसेल आठवत, मला आठवतो कारण मी तिथे होतो.

ऑफिसातल्या एकाने प्रीसिझनची, म्हणजे सिझनआधीच्या सरावाच्या मॅचची, तिकिटं दिलेली, शिकागोविरुद्धची मॅच, म्हणजे कोणाला काही पडलेलं नाही अशी मॅच. आमचा तेव्हाचा क्वार्टरबॅक अँड्र्यू लक खेळत नव्हता, साइडलाइनला साध्या कपड्यात उभा. पोटरी की घोटा, त्याचं काहीतरी चाललंय हे माहीत होतं पण सिझनपर्यंत होईल ठीक असं सगळे धरून चाललेले. चौथ्या क्वार्टरमध्ये अचानक लोक मैदानाकडे बघायचे थांबले. सगळ्यांच्या माना खाली, फोनमध्ये. माझ्या पुढच्या रांगेतला एक दांडगा माणूस लकचाच १२ नंबरचा जर्सी घालून बसला होता, त्याने फोन बायकोला दाखवला, मग मागे वळून मलाही दाखवला, ओळख ना पाळख. लक रिटायर होतोय. वय २९. मॅच संपून तो टनेलकडे चालत निघाला आणि वरून आवाज सुरू झाला. आपल्याकडे ज्याला हुर्यो उडवणं म्हणतात ते. हजारो माणसं, त्याच्याच गावातली, त्याचेच जर्सी घातलेली.

मीपण उडवली. लाज वाटते पण सांगतो. हातात नाचोजची प्लेट होती, ती मांडीवर ठेवून दोन्ही हात तोंडाला लावून उडवली. त्या क्षणी मला फक्त एवढंच दिसत होतं की २९ वर्षांचा धडधाकट माणूस आम्हाला सोडून चाललाय.

धडधाकट! नंतर घरी येऊन यादी वाचली. खांद्याचं लॅब्रम फाटलेलं, त्यात २०१७ चा अख्खा सिझन गेला. किडनीला चीर. बरगडीचं कार्टिलेज. कन्कशन. त्या रात्री तो रडत रडत बोलला की दुखापत, दुखणं, रिहॅब, परत दुखापत या चक्रातून बाहेर पडायचा हाच एक रस्ता दिसतोय. कॅलेंडरवर २९. आवर मीटरवर किती ते काकांनी वाचलं असतं तर म्हणाले असते, याला अजून चालवताय कशाला.

आमच्या मराठी वाचकांसाठी मध्येच थोडं सांगतो, म्हणजे मुद्दा नीट कळेल. क्वार्टरबॅक म्हणजे कॅप्टन, ओपनर आणि बोलर एकाच माणसात, आणि तो बॉल टाकायला हात मागे नेतो नेमकं तेव्हाच सव्वाशे-दीडशे किलोचे गडी त्याच्या अंगावर येतात. त्याला बॉलसकट लोळवला की त्याला सॅक म्हणतात. बॉल सुटल्यावर आदळले तर ती सॅकमध्ये धरत नाहीत, पण हाडाला ते कुठे कळतं. सचिन ४० पर्यंत खेळला आणि वानखेडेवर आपण सगळे रडलो, पण सचिनच्या अंगावर शॉट मारताना कोणी धावून येत नव्हतं. त्याचं कोपर गेलं ते बॅटने. इथे समोरच्या टीमचे लोक याच कामाचा पगार घेतात.

तर परत गुडेल साहेब तुमच्याकडे.

पेटन मॅनिंगचं उदाहरण तुम्ही लोक फार देता. १९९८ मध्ये पहिल्याच वर्षी पहिल्याच मॅचपासून खेळला, आमच्याच कोल्ट्सकडून, २८ इंटरसेप्शन टाकले (म्हणजे पास थेट समोरच्या टीमच्या हातात), रूकीचा, म्हणजे पहिल्या वर्षाच्या खेळाडूचा, रेकॉर्ड आहे तो, टीम ३ जिंकली १३ हरली, आणि तरी पुढे ३९ वर्षांचा होऊन सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, जिंकून गेला. म्हणजे पोरांना पाण्यात ढकललं की पोहायला शिकतात. बरोबर? पण त्या पहिल्या वर्षी त्याला सॅक किती वेळा केलं ते कोणी सांगत नाही. २२. चुका भरपूर केल्या पण अंग शाबूत राहिलं, त्याला वाचवायला पुढे उभ्या असणाऱ्या गड्यांची लाइन चांगली होती आणि बॉल पटकन सोडायची अक्कल त्याला होती. आता चार वर्षं पुढे या, २००२. ह्यूस्टनची नवी कोरी टीम, ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिल्या नंबरचा डेव्हिड कार. त्यालाही पहिल्या दिवसापासून उतरवलं. त्या एका सिझनमध्ये ७६ सॅक. आजही कोणी मोडला नाही तो रेकॉर्ड आणि मोडू पण नये. कार २००६ पर्यंत ह्यूस्टनकडून खेळला, त्यानंतरही बरीच वर्षं लीगमध्ये होता पण कोणाचा ना कोणाचा बॅकअप म्हणून. दोघंही पहिल्या नंबरचे, दोघंही पहिल्या दिवसापासून खेळले. एकाच्या मीटरवर २२, दुसऱ्याच्या मीटरवर ७६, पहिल्याच वर्षात.

आणि तुमचे टिकलेले सगळे म्हातारे बघा जरा. रॉजर्स २००५ मध्ये ड्राफ्ट झाला आणि तीन वर्षं ब्रेट फार्वच्या मागे बाकावर. रिव्हर्स दोन वर्षं ड्रू ब्रीजच्या मागे. ब्रेडी तर १९९ वा आला होता, पहिल्या अख्ख्या वर्षात मोजून तीन पास टाकले. आणि त्याला चान्स मिळाला तो पण सप्टेंबर २००१ मध्ये जेट्सच्या मो लुईसने ब्रेडीच्या टीमचा मुख्य क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसो याला इतक्या जोरात ठोकलं की छातीत आतून रक्तस्राव झाला म्हणून. (माझा न्यू जर्सीचा मावसभाऊ जेट्सचा फॅन आहे. आपल्याच माणसाने ब्रेडीला पुढची वीस वर्षं आपल्या उरावर आणून बसवलं हे दुःख तो दर गणपतीला आरतीनंतर सांगतो.) जॉर्ज ब्लँडा ४८ पर्यंत खेळला, १९७५ पर्यंत, २६ सिझन, हा आकडा ऐकून सगळे अवाक होतात, पण शेवटची वर्षं तो मुख्यतः किक मारायचा आणि गरज पडली तर क्वार्टरबॅक. आमच्या सोसायटीचं जेनसेट. लाइट गेली तरच चालू. फ्लॅकोचं २०२३ मध्ये तेच झालं, नोव्हेंबरपर्यंत घरी सोफ्यावर होता, मग क्लीव्हलंडने बोलावलं आणि ३८ व्या वर्षी त्यांना प्लेऑफला घेऊन गेला.

बाकावर बसणं म्हणजे वाया जाणं नाही, एवढं साधं तुम्हाला कळत नाही असं मी म्हणत नाही, कळतं, पण पहिल्या राउंडच्या पोराचं कॉन्ट्रॅक्ट चार वर्षांचं, पाचव्याचा ऑप्शन, त्या स्वस्तातल्या वर्षांत त्याला बाकावर बसवलं की तुमच्या पोटात गोळा येतो. म्हणून आमच्याच कोल्ट्सनी २०२३ मध्ये अँथनी रिचर्डसनला आणलं, कॉलेजमध्ये जेमतेम १३ मॅच स्टार्ट केलेलं २१ वर्षांचं पोर, आणि पहिल्याच आठवड्यात मैदानात. ऑक्टोबरमध्ये खांद्याचं ऑपरेशन. पुढच्या वर्षी एका मॅचमध्ये दमलो म्हणून एक प्ले बाहेर आला तर देशभर त्याची लाज काढली आणि बेंच केलं. म्हणजे २१ वर्षांच्याला शिकायला वेळ नाही, आणि ४४ वर्षांच्याला फोन. मधल्या वयाचं माणूस तयार करायची फॅक्टरीच बंद.

आता ब्रेडी. या माणसाबद्दल वाईट बोललो तर माझ्या घरावर दगड पडतील (इंडियानात नाही पडणार म्हणा, इथे मिठाई वाटतील). ४३ व्या वर्षी सातवा सुपर बोल. ४४ व्या वर्षी ५,३१६ यार्ड, लीगमध्ये सगळ्यात जास्त. रिटायर झाला, चाळीस दिवसांत परत आला, वर ४५ व्या वर्षी ७३३ पास टाकले, तोही रेकॉर्ड. आणि सगळी गोष्ट सांगितली जाते ती त्याच्या डाएटची, पाणी किती पितो, लवकर झोपतो, टोमॅटो खात नाही, वांगी खात नाही. वांग्याचं भरीत न खाता जगणाऱ्या माणसाबद्दल मला सहानुभूती आहे, पण त्या शेवटच्या ७३३ पासच्या सिझनमध्ये त्याला सॅक किती होते माहितीये? २२. परत तेच २२. पेटनच्या पहिल्या वर्षाएवढे. ४५ वर्षांचा माणूस जो कधीच पळू शकत नव्हता तो. कारण बॉल दोन-अडीच सेकंदांत हातातून गेलेला असायचा, आणि आयुष्यभर त्याच्यापुढे चांगली लाइन होती, त्याच्या जुन्या टीमकडे, पॅट्रियट्सकडे, डांटे स्कार्नेकियासारखा लाइन कोच होता ज्याचं नाव माझ्या ऑफिसात दहातल्या एकालाही माहीत नसेल. शिस्त त्याची स्वतःची होती, ती मी नाकारत नाही. पण इंजिन टिकलं त्याचं श्रेय नुसतं ऑइलला द्यायचं आणि माउंटिंग, कूलिंग, फिल्टर यांचं नावच काढायचं नाही, हे मला माझ्या धंद्यात चालत नाही.

आणि तुमच्या नियमांचं पण श्रेय आहे, ते द्यायला मी कंजुषी करणार नाही. २००८ मध्ये पहिल्याच मॅचला ब्रेडीचा गुडघा गेला, जमिनीवर पडलेल्या डिफेंडरने झेप घेऊन पायावर धडक मारली, तर २००९ ला तशी धडक मारायची नाही असा नियम आला. २०१७ मध्ये रॉजर्सचं कॉलरबोन मोडलं, तर पुढच्या सिझनपासून क्वार्टरबॅकवर पूर्ण वजन टाकून आदळायचं नाही यावर रेफ्री कडक झाले. चांगलंच केलंत. नियम कसे माणसाचं आयुष्य वाढवतात याचा हा पुरावाच आहे. फक्त एक बघा, शिट्टी वाजायला आधी कोणाचं हाड मोडावं लागतं.

कॅम न्यूटनचं मोडलं तेव्हा? २०१५ मध्ये त्याने मॅचनंतर सांगितलं की मी रेफ्रीकडे दाद मागितली तर मला ऐकवलं, तो कॉल (फाऊलची शिट्टी) मिळायला तू अजून वयाने मोठा नाहीस. रेफ्री एड होक्युली यांनी आपण असं बोललोच नाही म्हणून सांगितलं. कोण खरं कोण खोटं मी ठरवणारा कोण. पण पुढच्या वर्षी त्याच कॅमने परत उघड सांगितलं की मला मैदानात सुरक्षित वाटत नाही, आणि तुम्ही स्वतः त्याच्याशी फोनवर बोललात, गुडेल साहेब, ते तर तुम्हाला आठवत असेल. कॅम पळायचा, सहा फूट पाच इंचाचा, अंगाने दांडगा, त्यामुळे त्याला मारलं तर ते मारणं वाटायचंच नाही कोणाला. आपल्याकडे घरातल्या थोरल्या मुलाला कसं, तू मोठा आहेस ना, सहन कर. इथे उलटं, तू अजून लहान आहेस, सहन कर. खांद्याची दोन ऑपरेशनं, मग पाऊल. २०१६ च्या फेब्रुवारीत सुपर बोल ५० ला एका बाजूला ३९ चा पेटन, ज्याने त्या सिझनमध्ये ९ टचडाउन आणि १७ इंटरसेप्शन टाकलेले, मानेवर ऑपरेशनं झालेली, आणि दुसऱ्या बाजूला २६ वर्षांचा कॅम, त्या वर्षीचा एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू. कोण म्हातारा हे शाळकरी पोराने पण सांगितलं असतं. पण २०२१ चा सिझन संपला आणि कॅम परत मैदानात दिसला नाही, तेव्हा त्याचं वय ३२.

फार्वचं नाव घ्यायलाच हवं, नाहीतर लगेच कोणीतरी म्हणेल तुमचं मीटर-बिटर सगळं थोतांड, फार्व सलग २९७ मॅच खेळला. खेळला. चाळिशीत मिनेसोटाकडून ३३ टचडाउन टाकले. काही मशीन अशी असतात, काकांनी पण एक-दोन पाहिली होती, कोणी ऑइल बदललं नाही तरी चालूच. पण २९७ सांगताना हेही सांगा की १९९६ मध्ये तो पेनकिलरच्या व्यसनासाठी ट्रीटमेंटला गेला होता, आणि २०२४ मध्ये त्याने स्वतः पार्किन्सन्स झाल्याचं सांगितलं. कशामुळे काय झालं हे डॉक्टरांचं काम. मी एवढंच म्हणतो की पोस्टरवर २९७ छापता तर पोस्टरची मागची बाजूही असते.

आता मुद्द्याचं. एका सिझनला १८ मॅच.

१९७८ मध्ये १४ च्या १६ केल्यात. २०२१ मध्ये १६ च्या १७. आणि २०२४ मध्ये तुम्ही स्वतः बोलून गेलात की १८ मॅच आणि दोन प्रीसिझन मला चालेल. तुम्हाला चालेल हो, तुम्हाला कोण सॅक करतंय? प्रीसिझन कमी करतोय म्हणजे हिशेब तोच राहिला असं दाखवू नका, प्रीसिझनमध्ये तुमचे स्टार क्वार्टरबॅक टोपी घालून उभे असतात, हे मी तिकीट घेऊन बघितलंय. एक मॅच कमी केली ती मीटर बंद असलेली, आणि वाढवली ती मीटर पळणारी. एकीकडे टीव्हीवर दाखवायचं बघा आमचे क्वार्टरबॅक चाळिशीपार टिकतात, आणि दुसरीकडे त्याच टिकण्याच्या जोरावर अजून एक मॅच मागायची, म्हणजे शेजाऱ्याची गाडी दोन लाख किलोमीटर चालली म्हणून आपल्या गाडीची सर्व्हिसिंग बंद करण्यासारखं आहे.

गुरुवारच्या मॅचबद्दल तर बोलायलाच नको. पण बोलतो. सप्टेंबर २०२२, मायामीचा क्वार्टरबॅक टुआ. रविवारी २५ ला डोकं आपटून उठताना लडखडला, सगळ्या जगाने बघितलं, पाठीचं दुखणं आहे म्हणून परत आत पाठवला. चार दिवसांनी गुरुवारी सिनसिनाटीत परत डोकं आपटलं आणि बोटं अशी वाकडी होऊन ताठ झाली की माझ्या मुलीने टीव्हीपुढून उठून जाऊन दार लावून घेतलं. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. ऑक्टोबरात तुम्ही नियम बदललेत, तसा कोणी लडखडला तर परत खेळवायचं नाही. परत तेच, आधी हाड मग शिट्टी. गुरुवारची मॅच मात्र तशीच चालू आहे.

गवताचं. ११ सप्टेंबर २०२३, मेटलाइफ स्टेडियम, रॉजर्स जेट्सकडून पहिल्यांदा उतरला, झेंडा घेऊन पळत आला, आणि चौथ्या स्नॅपला अकिलीस फाटला. मावसभाऊ तिथे होता. त्याने सांगितलं, पडला, उठला, दोन पावलं टाकून इकडेतिकडे बघितलं आणि स्वतःहून खाली बसला, आणि तो बसला त्या पद्धतीवरूनच वरच्या रांगेपर्यंत सगळ्यांना कळलं. टर्फमुळेच फाटला असं मी म्हणणार नाही, ३९ वर्षांची शीर होती, गवतावरही फाटली असती कदाचित. पण खेळाडू किती वर्षं खरं गवत मागतायत? त्यांच्या युनियनने किती वेळा सांगितलं? प्रत्येक वेळी उत्तर काय तर अभ्यास चालू आहे, खर्च, छप्पर, कॉन्सर्ट. आणि मग २०२६ चा सॉकरचा वर्ल्डकप आला, फिफाने अट घातली की खरं गवत पाहिजे, तर तुमच्याच अकरा स्टेडियममध्ये वर्ल्डकप, आणि जिथे कृत्रिम टर्फ होतं तिथे निमूटपणे गवत. फायनल कुठे? मेटलाइफला! म्हणजे पाहुण्यांसाठी चांगले कप कपाटातून निघतात, घरच्यांना स्टीलचा पेला. आमच्या घरी पण हीच पद्धत आहे, त्यामुळे मला बरोब्बर ओळखू येते.

मी काही फार मागत नाहीये. १८ वी मॅच विसरा. विसरणार नसाल, आणि तुम्ही विसरणार नाही हे दिसतंय, तर सिझनमध्ये एकाच्या जागी दोन आठवडे सुट्टी द्या आणि गुरुवारी खेळणाऱ्या टीमला त्याआधीच्या रविवारी खेळवू नका. वर्ल्डकपचं गवत उखडू नका. पॉकेटबाहेर, म्हणजे लाइनने धरलेल्या कड्याबाहेर, पळणारा क्वार्टरबॅक पण क्वार्टरबॅकच आहे, त्याला मारलं तर तीच शिट्टी वाजवा, मग तो २२ चा असो की ४२ चा. आणि मालक लोकहो, पहिल्या राउंडमध्ये पोर घेतलं आणि तुमची लाइन गळकी आहे हे तुम्हाला माहितीये, तर त्याला एक वर्ष बाकावर बसू द्या, आम्ही ओरडू, ओरडू द्या, आम्ही कशालाही ओरडतो. तीन सिझन भरले की रिटायरमेंटनंतर पाच वर्षं हेल्थ इन्शुरन्स देता म्हणून सांगता, २९ वर्षांच्या माणसाचा इन्शुरन्स मग ३४ ला संपतो, गुडघे त्यानंतर सुरू होतात. हे पण जरा बघा.

रिव्हर्स परत खेळला त्यामुळे त्याचं हॉल ऑफ फेमचं, म्हणजे रिटायर झाल्यावर मिळणाऱ्या मोठ्या मानाचं, घड्याळ पुन्हा शून्यावर गेलं, सेमीफायनलिस्टच्या यादीत नाव होतं त्याचं, आता अजून पाच वर्षं थांब. ते घड्याळ बरं तुमच्याकडे काटेकोर चालतं.

आणि एक शेवटचं, जे त्या सिएटलच्या मॅचला टीव्ही बंद केल्यावर माझ्या डोक्यात आलं. लकचा जन्म १९८९ चा. म्हणजे आम्ही ४४ च्या आजोबांना अलाबामातून बोलावलं तेव्हा आमचा स्वतःचा क्वार्टरबॅक ३६ वर्षांचा होता. तो आता स्टॅनफर्डच्या फुटबॉल टीमचा जनरल मॅनेजर आहे, त्याला फोन करायचा कोणाच्या मनातसुद्धा आलं नाही आणि केला असता तरी मी त्याला म्हटलं असतं, उचलू नकोस बाबा. त्याचा १२ नंबरचा जर्सी माझ्याकडे पण आहे. त्या रात्री घरी येऊन गॅरेजमध्ये खोक्यात टाकला होता. मागच्या महिन्यात मुलीला शाळेच्या कुठल्याशा निळ्या कपड्यांच्या दिवसासाठी हवा होता म्हणून काढला, तिने घातला, गुडघ्यापर्यंत आला, आणि विचारलं हा कोण. मी म्हटलं आमचा क्वार्टरबॅक होता, चांगला होता. मग ती म्हणाली, म्हातारा झाला का?

तिला काय सांगायचं ते तुम्हीच कळवा साहेब.

आपला,
कोल्ट्सचा एक मराठी फॅन
कोलंबस, इंडियाना